डोक्याला मुका मार : स्कॅन स्वच्छ, तरी मन का गोंधळते?

डोक्याला मार लागला, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली, रुग्णालयात सीटी स्कॅन झाला आणि 'घाबरण्यासारखे काही नाही' असे सांगून डॉक्टरांनी घरी पाठविले. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात हा अनुभव अनेक घरांना परिचित आहे. रुग्णाची खरी अडचण मात्र घरी आल्यावर सुरू होते. बोलताना नेमका शब्द आठवत नाही. वर्तमानपत्रातील एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. टीव्हीचा आवाज सहन होत नाही, रात्री झोप लागत नाही आणि छातीत उगाचच धडधडते. स्कॅन स्वच्छ असताना असे का होते, याचे उत्तर न मिळाल्याने 'आपल्याला वेड तर लागत नाही ना,' ही धास्ती मनात घर करते.

वैद्यकशास्त्रात या दुखापतीला 'कन्कशन' म्हणतात. मेंदूला बसलेला हादरा किंवा मेंदूचा मुका मार, असे त्याचे वर्णन करता येईल. बहुतेक रुग्ण त्यातून पूर्ण बरे होतात. मात्र, बरे होण्याच्या काळातील गोंधळ आणि चिंता हा या दुखापतीचाच भाग आहे, हे रुग्णाला आणि कुटुंबीयांना वेळेवर समजले नाही, तर दुखणे लांबत जाते. त्यामुळे या विषयाची नीट माहिती असणे हा उपचाराचाच पहिला टप्पा ठरतो.

गहुंजेतील 'बदली खेळाडू'

पुणेकरांना 'कन्कशन' हा शब्द अगदी जवळून ऐकू आला तो ३१ जानेवारी २०२५ रोजी. गहुंजे येथील मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातील चौथा ट्वेंटी-२० सामना सुरू होता. भारतीय डावाच्या अखेरच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. दुबे मैदान सोडून गेला नाही, डाव संपेपर्यंत तो खेळपट्टीवर होता. डावांच्या मध्यंतरात मात्र त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा मैदानात उतरला. राणाने तीन बळी घेतले आणि भारताने सामना १५ धावांनी जिंकला. अष्टपैलू फलंदाजाच्या जागी वेगवान गोलंदाज देणे योग्य होते का, यावर पुढे मोठा वाद झाला.

या वादात एक महत्त्वाची गोष्ट मागे पडली. डोक्याला फटका बसल्यावर माणूस उभा राहतो, बोलतो, खेळतोही. लक्षणे मात्र काही मिनिटांनी, काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी प्रकट होतात. हे ध्यानात घेऊनच आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १ ऑगस्ट २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियम लागू केला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवरील कसोटीत स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला आणि या नियमाचा तो पहिला लाभार्थी ठरला. खेळाडूला मिळणारी ही सवलत नोकरदाराला, परीक्षार्थीला किंवा गृहिणीला मिळत नाही. 'स्कॅन नॉर्मल आहे ना? मग सोमवारपासून कामावर या,' हेच त्यांच्या वाट्याला येते.

मेंदूत नेमके काय घडते?

माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, अतिशय मऊ अवयव आहे. कवटीच्या आत एका द्रवात तो तरंगत असतो. डोके जोरात आपटले किंवा मानेला जोराचा झटका बसला, की कवटी थांबते. पण आतील मेंदू हलतच राहतो. त्यामुळे मज्जातंतू ताणले जातात. पेशींमधील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ही घडी पुन्हा बसविण्यासाठी पेशींना एरवीपेक्षा अधिक ऊर्जा लागते. नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा काहीसा मंदावलेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी ही स्थिती काही दिवस टिकते.

घरातील वीज गेलेली नाही, तारा शाबूत आहेत, पण विजेचा दाब कमी आहे, अशी कल्पना केली तर हे पटकन लक्षात येईल. दिवा मिणमिणतो, पंप मात्र सुरूच होत नाही. मेंदूचेही तसेच होते. साधे बोलणे जमते. पण बोलता बोलता हिशेब करणे, गर्दीतून वाट काढणे किंवा एकाच वेळी दोघांचे ऐकणे जमत नाही.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचा तडा दिसतो. पेशींच्या पातळीवरील हा बिघाड त्यात दिसत नाही. म्हणूनच 'स्कॅन स्वच्छ' याचा अर्थ तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही, एवढाच घ्यायचा. 'काहीच झालेले नाही,' असा त्याचा अर्थ होत नाही. तसेच बेशुद्ध पडल्याशिवाय मेंदूला हादरा बसत नाही, हाही गैरसमज आहे. अनेक रुग्णांची शुद्ध एका क्षणासाठीही हरपलेली नसते.

आधी धोक्याची लक्षणे ओळखा

गोंधळ हे या दुखापतीचे नेहमीचे लक्षण असले, तरी वाढत जाणारा गोंधळ हे धोक्याचे लक्षण आहे. या दोहोंतील फरक घरातील प्रत्येकाला माहीत असायला हवा. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. राज्यभर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

• डोकेदुखी सतत वाढत जाणे
• पुन्हा पुन्हा उलटी होणे
• झटके किंवा फिट येणे
• गुंगी वाढणे, हाक मारूनही जाग न येणे
• घरच्या माणसांना न ओळखणे, असंबद्ध बोलणे, विलक्षण चिडचीड किंवा आरडाओरडा
• हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे
• डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे
• नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येणे

भारताचा कसोटीपटू रमण लांबा याचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. ढाका येथे फेब्रुवारी १९९८ मध्ये क्लब सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षण करताना चेंडू त्याच्या डोक्याला लागला. तो स्वतः चालत मैदानाबाहेर गेला. मात्र, मेंदूतील रक्तस्रावामुळे त्याची प्रकृती झपाट्याने ढासळली आणि तीन दिवसांनी त्याचे निधन झाले. 'चालत घरी आला, म्हणजे ठीक आहे,' हा समज किती घातक ठरू शकतो, हे यावरून दिसते.

रक्त पातळ करण्याची औषधे घेणारे, ६५ वर्षांवरील आणि नियमित मद्यपान करणारे यांनी किरकोळ मारही अंगावर काढू नये. ज्येष्ठांमध्ये मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचत राहून दोन-तीन आठवड्यांनी विसरभोळेपणा, तोल जाणे, बोलण्यातील फरक अशी लक्षणे दिसू शकतात. न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजोबांचा असा बदल 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. वेळीच निदान झाल्यास या विकारावर उपचार आहेत.

चिंता कोठून येते?

धोक्याची लक्षणे नसताना जाणवणारी चिंता दोन वाटांनी येते. पहिली वाट शरीराची. मेंदूच्या हादऱ्यामुळे झोप, हृदयाची गती, भावनांवरील ताबा या यंत्रणाही विस्कळित होतात. त्यामुळे कारण नसताना रडू येणे, पटकन चिडणे, दचकणे, छातीत धडधडणे हे प्रकार घडतात. रुग्णाचा स्वभाव कमकुवत आहे, असा याचा अर्थ नाही.

दुसरी वाट अर्थ लावण्याची. पासवर्ड आठवला नाही, दुधाचा हिशेब चुकला, की रुग्णाला वाटते, मेंदू कायमचा निकामी झाला. भीती वाटली की श्वास उथळ होतो, गरगरते, डोके जड होते, लक्ष लागत नाही. ही सारी लक्षणे मेंदूच्या हादऱ्याच्या लक्षणांसारखीच असल्याने भीती आणखी वाढते. गोंधळातून चिंता आणि चिंतेतून पुन्हा गोंधळ, असे हे चक्र फिरत राहते.

संशोधनातूनही हे स्पष्ट झाले आहे. डोक्याला मार बसल्यावर काय काय त्रास होईल, या अपेक्षेचाच लक्षणांवर परिणाम होतो, अशी मांडणी अमेरिकेतील मिटेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केली. अपघातापूर्वी आपण कधी काही विसरतच नव्हतो, अशी रुग्णाची समजूत होते. प्रत्यक्षात चावी विसरणे, नाव न आठवणे हे निरोगी माणसाच्याही रोजच्या आयुष्यात घडत असते. अपघातानंतर मात्र त्यातील प्रत्येक चूक दुखापतीच्या खात्यावर जमा होऊ लागते.

याची दुसरी, दिलासा देणारी बाजूही आहे. ऑस्ट्रेलियातील जेनी पॉन्सफोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही रुग्णांना दुखापतीनंतर आठवडाभरात तपासून लक्षणांची आणि ती हाताळण्याच्या उपायांची माहिती देणारी पुस्तिका दिली होती. तीन महिन्यांनी या रुग्णांची लक्षणे आणि मानसिक ताण, पुस्तिका न मिळालेल्या रुग्णांपेक्षा कमी आढळला. चार शब्द समजावून सांगण्याचे मोल औषधाइतके असू शकते, हेच यातून दिसते.

मात्र, 'सगळे मनाचे खेळ' असे म्हणून विषय सोडून देणेही चूक आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मेंदूला सौम्य इजा झालेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकात सहा महिन्यांनी तीव्र नैराश्य किंवा आघातानंतरच्या मानसिक तणावाची लक्षणे आढळली. केवळ हाडाची वगैरे दुखापत झालेल्यांमध्ये हे प्रमाण आठात एक इतके होते. म्हणजेच हा त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार घेणे आवश्यक आहे.

पहिले ४८ तास

पूर्वी अशा रुग्णाला अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्यास सांगितले जात असे. आता हा सल्ला मागे पडला आहे. ॲमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या परिषदेने काटेकोर विश्रांतीऐवजी पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती आणि त्यानंतर हळूहळू हालचाल, अशी शिफारस केली. या काळात पुढील पथ्ये पाळावीत.

• पहिले २४ तास घरात कोणीतरी सोबत असावे.
• डॉक्टरांनी धोका नसल्याचे सांगितल्यावर रुग्णाला झोपू द्यावे. 'झोपला तर उठणार नाही' या भीतीने रात्रभर जागे ठेवण्याची गरज नसते. किती वेळाने उठवून पाहायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे.
• मोबाईल, संगणक आणि टीव्ही यांचा वापर कमीत कमी ठेवावा.
• घरातल्या घरात फिरणे, हलके बोलणे, साधे जेवण चालते. पुरेसे पाणी प्यावे.
• डोकेदुखीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटॅमॉल घेता येते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. हृदयविकारासाठी आधीपासून ॲस्पिरिन सुरू असल्यास ती बंद करण्याचा निर्णयही डॉक्टरांवरच सोपवावा.
• मद्यपान पूर्ण टाळावे.
• डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकी किंवा मोटार चालवू नये.

त्यानंतर पायरी-पायरीने

दोन दिवसांनंतर चालणे सुरू करावे. सारसबागेत किंवा सोसायटीच्या आवारात सपाटीवर दहा मिनिटे चालणे जमले, की वेळ वाढवावी. पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडीची चढण त्यानंतर. नियम सोपा आहे. लक्षणांना शून्य ते दहा असे गुण द्यावेत. काम करताना त्रास एखाद-दोन गुणांनी वाढला आणि तासाभरात खाली आला, तर काळजीचे कारण नाही. त्याहून अधिक वाढला, तर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी करावे. त्रास वाढणे म्हणजे मेंदूला नव्याने इजा होणे नव्हे, ही गोष्ट चिंताग्रस्त रुग्णाने मनावर बिंबविली पाहिजे.

हलक्या व्यायामाचा फायदाही सिद्ध झाला आहे. अमेरिकेतील जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी खेळताना दुखापत झालेल्या १३ ते १८ वर्षे वयोगटातील मुलामुलींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. मोजून-मापून चालणे किंवा सायकलिंग करणारा गट सरासरी १३ दिवसांत बरा झाला. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटाला १७ दिवस लागले.

कामावर परततानाही हीच पद्धत ठेवावी. हिंजवडीतील संगणकापुढील नोकरी असो वा सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत चालणारी स्पर्धा परीक्षेची तयारी, पहिल्या दिवशी आठ तास बसण्याचा अट्टहास करू नये. अर्ध्या वेळेपासून सुरुवात करावी. वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे डोळे मिटून बसावे. कार्यालयाला डॉक्टरांचे पत्र द्यावे आणि त्यात 'विश्रांती' एवढेच न लिहिता किती तास काम चालेल, स्क्रीनपुढे किती वेळ बसता येईल, हे लिहून घ्यावे. शक्य असल्यास गर्दीच्या वेळेतील प्रवास टाळावा.

आवाजाचा त्रास हा पुण्यात वेगळा विषय आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत ढोल-ताशांचा दणदणाट टाळण्यासाठी रुग्णाने काही दिवस नातेवाइकांकडे राहणे हिताचे. एरवी मात्र सतत कानात बोळे घालून आणि काळा चष्मा लावून बसू नये. प्रकाश आणि आवाज यांची सवय हळूहळू परत करून घेतली नाही, तर त्यांचा त्रास उलट वाढतो. दुपारच्या वामकुक्षीलाही मर्यादा हवी. अर्ध्या तासापेक्षा अधिक झोप रात्रीच्या झोपेच्या मुळावर येते.

गोंधळावर उपाय

• एका वेळी एकच काम हाती घ्यावे. फोनवर बोलताना स्वयंपाक किंवा जेवताना मोबाईल नको.
• दिवसातील तीनच महत्त्वाची कामे सकाळी कागदावर लिहावीत. अवघड काम सकाळी, सोपे काम संध्याकाळी.
• चावी, चष्मा, पाकीट आणि औषधे यांची जागा ठरवून टाकावी. औषधांसाठी मोबाईलवर गजर लावावा.
• गॅस, इस्त्री, पाण्याचा नळ यांची खात्री करण्यासाठी दारामागे यादी चिकटवावी.
• समोरच्याला 'थोडे सावकाश सांगा' असे म्हणण्यास संकोचू नये.
• घराचा व्यवहार, मोठी खरेदी किंवा राजीनामा यांसारखे निर्णय काही आठवडे पुढे ढकलावेत.

स्मरणशक्ती परत येते की नाही, हे पाहण्यासाठी दिवसातून दहा वेळा स्वतःची परीक्षा घेणे टाळावे. अपघाताच्या आधीची व नंतरची काही मिनिटे कायमची विस्मरणात जाऊ शकतात. त्या क्षणांची नोंद मेंदूत झालेलीच नसते. ते आठवत नाही म्हणून बाकीची स्मृतीही गेली, असे समजू नये.

चिंतेवर उपाय

धडधड सुरू झाली, की आधी धोक्याच्या लक्षणांची यादी एकदाच पाहावी. त्यातील काही नसेल, तर पुन्हा पुन्हा तपासणी करू नये. पाय जमिनीवर टेकवून बसावे. चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. पाच मिनिटांत शरीर निवळू लागते. लक्षणांची नोंदवही ठेवायची असल्यास दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी लिहावी आणि दिवसांची नव्हे, आठवड्यांची तुलना करावी. दुखापतीतून बरे होण्याचा आलेख सरळ वर जात नाही. दोन चांगल्या दिवसांनंतर एक वाईट दिवस येतोच. रात्री इंटरनेटवर लक्षणे शोधत बसण्याने झोप जाते आणि भीती वाढते.

अपघात झालेल्या चौकातून जाताना अंगाला घाम सुटणे, ब्रेकचा आवाज ऐकून दचकणे, स्वप्नात तोच प्रसंग दिसणे हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे. रस्ता कायमचा टाळण्याने मात्र भीती पक्की होते. आधी सोबतीने पायी, मग रिक्षाने, पुढे दुचाकीवर मागे बसून, असा तो रस्ता पुन्हा आपलासा करावा. महिन्यानंतरही हा त्रास टिकला, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटावे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी 'सीबीटी' ही उपचारपद्धती अशा चिंतेत उपयुक्त ठरते.

जगणे नकोसे वाटू लागल्यास एक तासही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

घरच्यांची भूमिका

रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो, हीच घरच्यांची अडचण असते. हाताला प्लॅस्टर असले तर कोणी 'पिशवी उचल' म्हणत नाही. मेंदूच्या हादऱ्याला प्लॅस्टर नसते. त्यामुळे 'नाटके पुरे कर' किंवा 'आमच्या वेळी असे नव्हते' ही वाक्ये रुग्णाला एकटे पाडतात. याउलट त्याच्या हातून प्रत्येक काम काढून घेणे आणि दर तासाला 'डोके दुखते का?' असे विचारणे हेही चिंतेला खतपाणी घालते. 'हा दुखापतीचा भाग आहे, तो कमी होत जाईल, तोवर आम्ही आहोत,' एवढा दिलासा पुरेसा असतो. पोलिसांचा जबाब, विम्याची कागदपत्रे, मोटार अपघात दाव्याची धावपळ ही कामे पहिल्या काही आठवड्यांत दुसऱ्या कोणी तरी अंगावर घ्यावीत. भेटायला येणाऱ्यांची रीघही आवरावी.

गृहिणींचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्यांना वैद्यकीय रजा नसते. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्याने त्यांची लक्षणे रेंगाळतात. त्यांच्या कामाची वाटणी कुटुंबाने आठवडाभरासाठी तरी लिहून काढावी. डोक्याला वारंवार मार लागत असल्यास त्यामागे घरातील मारहाण नाही ना, हे डॉक्टरांनी स्त्री रुग्णाला एकटीला विचारणे गरजेचे असते.

मुलांच्या बाबतीत क्रम पक्का ठेवावा : आधी शाळा, मग मैदान. मुलांना पूर्ण बरे होण्यास चार आठवडेही लागू शकतात. कबड्डी, फुटबॉल किंवा क्रिकेट खेळताना डोके आपटल्यास त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरू देऊ नये. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसल्यास परिणाम गंभीर होऊ शकतात.

कोणाकडे जावे?

दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो. त्यानंतरही तो टिकल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. 'डोक्याचे दुखणे' म्हणून एकाच नावाखाली येणाऱ्या तक्रारींची कारणे वेगवेगळी असू शकतात. मानेला बसलेल्या झटक्यामुळे होणारी डोकेदुखी फिजिओथेरपीने कमी होते. कूस बदलताना गरगरणे हे आतील कानातील सूक्ष्म कण जागचे हलल्याने होऊ शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोक्याच्या विशिष्ट हालचाली करवून अनेकदा एक-दोन भेटींतच तो त्रास थांबवितात. वारंवार वेदनाशामक गोळ्या घेतल्यानेही डोकेदुखी टिकून राहते. म्हणजेच 'आता यावर इलाज नाही' असे समजून बसण्याचे कारण नाही. मानसोपचाराच्या खर्चाबाबतही माहिती करून घ्यावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही वैद्यकीय विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक आहे.

हेल्मेटचे काय?

हेल्मेटसक्तीचा वाद पुण्याला नवा नाही. १ जानेवारी २०१९ पासून शहर पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हा त्याविरुद्ध आंदोलनेही झाली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची तरतूद आहेच. जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. हेल्मेट घातल्यावर मेंदूला हादरा बसणारच नाही, असे मात्र नाही. गहुंजे येथील सामन्यात तेच दिसले. म्हणून हेल्मेट असतानाही डोके जोरात आपटले, तर तपासणी करून घ्यावी आणि तडा गेलेले किंवा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

मेंदूचा मुका मार दिसत नाही, म्हणून तो नाकारला जातो; समजत नाही, म्हणून त्याची भीती वाटते. दोन दिवसांची विश्रांती, त्यानंतर पायरी-पायरीने वाढविलेले काम, धोक्याच्या लक्षणांवर लक्ष आणि घरच्यांचा विश्वास या चार गोष्टी जुळून आल्या, तर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपल्या नेहमीच्या आयुष्यात परततात. रुग्णालयातून घरी सोडताना रुग्णाने किंवा नातेवाइकांनी डॉक्टरांना तीन प्रश्न आवर्जून विचारावेत : पुढील काही दिवसांत कोणता त्रास अपेक्षित आहे, कोणते लक्षण दिसताच परत यायचे आणि काम केव्हा, किती वेळाने सुरू करायचे? या तीन उत्तरांचा कागद स्कॅनच्या अहवालाइतकाच जपून ठेवावा.